न मोजता शिवलेले चौकोन

रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याची सुरी), मॅट आणि पारदर्शक मोजपट्टी घेऊन आधी अचूक मापाचे तुकडे कापायचे आणि मग ते जोडायचे, अशा पद्धतीचे पॅचवर्क मी पुष्कळ केले आहे आणि अजूनही करते. परंतु कपाटाच्या खालच्या कप्प्यात साठत जाणाऱ्या कातरणाचा निकाल त्या पद्धतीने लागत नाही. ब्लाउज बेतताना मुंढ्याच्या गोलाईतून निघालेली चंद्रकोर, सलवारीच्या बाजूने उरलेली लांबट पाचर, परकराच्या घेराखालची चार बोटांची पट्टी, झबल्याच्या गळ्यातून निघालेला अर्धगोल, यांतून मापाचे चौकोन काढायला बसले तर उरलेल्यातले निम्मे कापड पुन्हा वाया जाते आणि हाती जे लागते ते आगपेटीएवढे असते. अशा तुकड्यांसाठी उलटा क्रम सोयीचा पडतो. तुकडे जसे आहेत तसे एकमेकांना जोडत जायचे, कापड हवे त्याहून थोडे मोठे झाले की थांबायचे, आणि माप अगदी शेवटी, एकदाच घ्यायचे. क्विल्ट, म्हणजे थर देऊन टाके घातलेली पांघरुणे, करणाऱ्यांत याला इम्प्रोव्ह ब्लॉक (आधी न आखता जुळवत नेलेला चौकोन) म्हणण्याची पद्धत आहे.

नकाशा नाही म्हणजे काहीही चालते, असा या कामाविषयी एक समज आहे आणि तो पहिल्याच ब्लॉकपाशी महागात पडतो. मापाच्या पॅचवर्कमध्ये सगळे निर्णय कागदावर, शिवायला बसण्यापूर्वी घेऊन झालेले असतात. इथे मात्र प्रत्येक शिवणीपाशी थांबून ठरवावे लागते, आणि ते ठरवताना गोंधळ होऊ नये म्हणून काही गोष्टी स्वतःवर आधीच बंधनकारक करून घ्याव्या लागतात. माझ्या अनुभवात चांगला ब्लॉक आणि नुसता चिंध्यांचा कालवा यांतला फरक या बंधनांनी पडतो. हौसेने किंवा हातातल्या कलेने तो क्वचितच पडतो.

पहिले बंधन ढिगाचे. बहुतेक जणी तुकडे रंगाप्रमाणे लावतात, लाल एकीकडे आणि हिरवे एकीकडे. मी फिके, मध्यम आणि गडद असे तीन ढीग लावते आणि रंगाकडे त्या वेळी मुद्दाम दुर्लक्ष करते. डाळिंबी आणि गडद मोरपंखी हे दोन रंग हातात घेतले तर एकमेकांपासून अगदी दूरचे वाटतात, पण शेजारी शेजारी शिवून चार पावलांवर ठेवले की दोघांचा मिळून एकच काळपट डाग होतो आणि मधली शिवण, जिच्यासाठी एवढे कष्ट घेतले, ती दिसेनाशी होते. उलट, एकाच निळ्याच्या फिक्या आणि गडद छटा शेजारी आल्या तर आकार लगेच उठून दिसतो. शंका असेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून त्यातला रंग घालवावा. काळ्यापांढऱ्या चित्रात जे दोन तुकडे सारखे दिसतात, ते ब्लॉकमध्येही एकमेकांत मिसळणार.

हे करू लागले की आपल्याकडच्या कातरणाची एक अडचण लगेच लक्षात येते. साडीवरच्या ब्लाउजांचे जे तुकडे घरात साठतात त्यांत आमसुली, वांगी, राणी, चटणी, मोरपंखी, गुलबक्षी असे भरलेले, गडद किंवा मध्यम रंगच जास्त असतात. मोतिया, बदामी, श्रीखंडी असे फिके तुकडे फार थोडे, आणि तेही बहुधा अस्तराचे. म्हणून फिके कापड वेगळे जमवावे लागते: पुरुषांचे विरलेले शर्ट (कॉलर झिजली तरी पाठीचे कापड शाबूत असते), पांढरे लेंगे, जुने धोतर, धुवून मऊ झालेला मांजरपाट. शर्टांतली बारीक रेघ आणि बारीक चौकडी दुरून फिक्या रंगासारखीच वागते आणि जवळून पाहणाऱ्याला थोडे काम देते, त्यामुळे कोरे पांढरे घालण्यापेक्षा मला ती केव्हाही बरी वाटते.

कापडाच्या जातीबद्दल थोडे अधिक काटेकोर असावे लागते. पॉपलीन आणि कॅम्ब्रिक ही या कामाला सर्वांत आज्ञाधारक कापडे. इचलकरंजीच्या मागावरचे साधे पॉपलीनसुद्धा इस्त्रीखाली घडी धरून ठेवते आणि कडेचे धागे फार सोडत नाही. ब्लाउजची टू बाय टू रुबिया पातळ असली तरी घट्ट विणीची असल्यामुळे चालते, मात्र हल्ली तिच्यात मिश्र धागा पुष्कळ येतो, तेव्हा सुती इस्त्री फिरवण्यापूर्वी दोन धागे काढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने पुसली जाते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याची टोकाशी टणक गोळी होते. खणाचा मोह आवरत नाही, आणि आवरूही नये, पण खणाच्या कडा फार उसवतात, म्हणून त्याच्या तुकड्याला मागून मलमलीचा पातळ थर कच्च्या टाक्यांनी धरून मगच तो शिवणीत घ्यावा. जरीच्या काठाचे तुकडे मी या ढिगात घेतच नाही. नकली जर गरम इस्त्रीखाली आकसते, खरी जर सुईला अडते, आणि दोन्ही बाबतींत शेजारच्या गरीब पॉपलीनची शिवण ओढली जाते.

सगळे तुकडे आधी धुतलेले असावेत. अजरख, कलमकारी, बांधणी यांचे तुकडे ओले करून पांढऱ्या फडक्यावर ठेवावेत आणि वरून इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा पुन्हा भिजवायचा, आणि तरीही उतरत राहिला तर तो फिक्या कापडाशेजारी कधीच लावायचा नाही.

आता एक ब्लॉक प्रत्यक्ष कसा वाढतो ते सांगते. समजा मधोमध दीड-दोन इंचांचा, चार नाहीतर पाच बाजूंचा, कुठलीच बाजू दुसरीएवढी नसलेला एक गडद डाळिंबी तुकडा घेतला. त्याची एक कड, फक्त एक, कात्रीने सरळ करायची. त्या कडेवर फिक्या शर्टाची पट्टी सुलटीवर सुलट ठेवायची. पट्टी कडेपेक्षा दोन्ही टोकांना थोडी लांब असू द्यायची. शिलाईत पाव इंच कापड जाऊ द्यायचे आणि मशीनचा टाका दोन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा बारीक ठेवायचा, कारण पुढे हीच शिवण मध्येच कापली जाणार आहे आणि मोठा टाका कापल्याजागी लगेच उसवतो. मग उलट्या बाजूने शिवणीवर नख फिरवायचे, तुकडा उघडायचा आणि सुलट बाजूने इस्त्री दाबायची. इथे इस्त्री घासायची नाही. घासली की कापड उरेबेत, म्हणजे धाग्यांच्या तिरप्या दिशेने, ताणले जाते आणि पुढच्या तीन फेऱ्या तो बाक निस्तरण्यात जातात. शिवणीची दोन्ही पाती शक्यतो गडद कापडाच्या बाजूला वळवायची, म्हणजे फिक्यातून गडद कडा डोकावत नाही.

यानंतर डाळिंबी तुकडा आणि नवी पट्टी या दोहोंना मिळून जी पुढची बाजू तयार झाली असेल, ती एका रेषेत सरळ कापायची. या एका कृतीवर सगळी पद्धत उभी आहे. तुकडा कसाही वेडावाकडा असो, पुढची शिवण जिथे येणार तेवढी एकच कड सरळ असली पाहिजे, आणि ती रेष कुठल्या कोनातून न्यायची हे आपल्या हातात असते. चौकोनी कापली तर ब्लॉक शांत दिसतो. किंचित तिरपी कापली तर आतला तुकडा कलल्यासारखा दिसतो. आणि प्रत्येक फेरीत एकाच दिशेला तिरपी कापत गेले तर सगळा ब्लॉक फिरत असल्याचा भास होतो. तिरकेपणा थोडा हवा असेल तर तो ठळक करावा, हा माझा दुसरा नियम. अर्धा अंश वाकडी शिवण पाहणाऱ्याला चूक वाटते, दहा अंश वाकडी शिवण ठरवून केलेली वाटते.

अशा रीतीने एकेक बाजू घेत, गडदला फिके आणि फिक्याला मध्यम देत चारपाच फेऱ्या झाल्या की तळहाताहून मोठे कापड तयार होते. बारीक तुकडे एकेकटे लावत बसू नये. ते आधी जोड्याजोड्यांनी, मधला दोरा न तोडता एकापाठोपाठ मशीनखाली घालावेत, मग त्या जोड्यांच्या चौकड्या कराव्यात, आणि अशी तयार पट्टी एखाद्या कडेला अख्खीच्या अख्खी लावावी. त्यामुळे दोरा वाचतो आणि ब्लॉकमध्ये दाट आणि मोकळ्या जागा आपोआप येतात. सगळीकडे सारखेच बारीक तुकडे असले तर डोळ्याला बसायला जागा राहत नाही, म्हणून दर ब्लॉकमध्ये निदान एक मोठा, न तोडलेला तुकडा मी राहू देते. पाऊण इंचाहून अरुंद तुकडे मात्र बाजूला काढते. दोन्ही बाजूंना पाव पाव इंच शिलाईत गेल्यावर पाऊण इंचाच्या पट्टीची पाव इंचच दिसते, आणि त्याहून अरुंद पट्टीत शिवणीची पाती एकमेकांवर चढून दोरीसारखा उंचवटा तयार होतो.

ब्लॉक तयार होऊनही मरगळलेला वाटत असेल, आणि तसे पुष्कळदा होते, तर एक खात्रीचा उपाय आहे. तो आडवा किंवा तिरपा, वाटेल तिथून सरळ कापून दोन करावा, आणि मध्ये एक बारीक पट्टी घालून पुन्हा जोडावा. पट्टी अशा रंगाची घ्यावी की जो ब्लॉकमध्ये आतापर्यंत आलेलाच नाही. आमसुली-निळ्या गर्दीत पोपटीची एक रेघ सगळे चित्र बदलते. यात एक गणित आहे ते मला फार आवडते. पट्टी बरोबर एक इंचाची कापली तर ब्लॉकचे माप तेवढेच राहते. दोन शिवणींत मिळून एक इंच कापड जाते, अर्धा इंच ब्लॉकचे आणि अर्धा इंच पट्टीचे. आणि पट्टीने एक इंच भर घातलेली असते. पट्टी दीड इंचाची घेतली तर ब्लॉक अर्ध्या इंचाने वाढतो, पाऊण इंचाची घेतली तर पाव इंचाने घटतो. तिरप्या कापात दोन्ही अर्धे एकमेकांवरून किंचित सरकतात, म्हणून जोडताना कडेच्या टोकांकडे न बघता आतली एखादी ठळक शिवण रेषेत येते का ते पाहावे. किंवा ती येऊच नये असे ठरवावे. तेही चांगले दिसते.

गोलाई हवी असल्यास दोन तुकडे दोन्ही सुलट बाजू वर ठेवून एकावर एक थोडे चढवावेत आणि कटरने दोन्हींतून एकच संथ वळण कापावे. वरच्याचा डावा भाग आणि खालच्याचा उजवा भाग घेतला की दोन्ही कडा एकमेकींशी जुळतात. वळण संथ असेल तर टाचणीचीही गरज पडत नाही. खोल वळणाला मात्र कापड ओढत ओढत शिवावे लागते आणि ब्लॉक वाटीसारखा फुगतो. नव्याने करणाऱ्यांनी त्याच्या वाट्याला जाऊ नये.

या पद्धतीविषयी लिहायचे आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील जीझ बेंड या वस्तीचा उल्लेख टाळायचा, हे योग्य होणार नाही. अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती विल्कॉक्स काउंटीत आहे. जोसेफ गी या मळेवाल्यावरून त्या वळणाला नाव पडले, आणि पुढे मळ्याचा मालक झालेल्या मार्क पेटवेचे आडनाव तिथल्या गुलामांना मिळाले. तिथल्या क्विल्ट शिवणाऱ्या कितीतरी स्त्रिया आजही पेटवे आडनाव लावतात आणि त्यांचे आपसांत रक्ताचे नाते असतेच असे नाही. १९६० च्या दशकात मतदार म्हणून नाव नोंदवायला तिथले लोक नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाऊ लागले, तेव्हा १९६२ साली नदीवरची फेरीबोट बंद करण्यात आली, आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. अशा एकाकी पडलेल्या वस्तीत, फटी असलेल्या लाकडी घरांतली थंडी अडवण्यासाठी, विटलेले कामाचे कपडे आणि पिठाखतांची रिकामी सुती पोती फाडून जी पांघरुणे शिवली गेली, ती २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्यावर दहा तिकिटांचा संचही काढला.

तिथे ‘हाउसटॉप’ नावाचा जो प्रकार वारंवार दिसतो तो मी वर वर्णन केलेल्या कृतीचाच सख्खा भाऊ आहे: मधला एक तुकडा आणि त्याच्याभोवती एकेक बाजू घेत वाढत जाणाऱ्या पट्ट्या. फरक आवाक्याचा आहे. मी सहा इंचांवर थांबते. तिथल्या स्त्रियांनी कित्येकदा एकच ब्लॉक अख्ख्या पांघरुणाएवढा वाढवला. पट्टी संपली की तेवढ्याच रुंदीची दुसरी, वेगळ्या रंगाची जोडली, आणि त्यामुळे एका फेरीत मध्येच रंग बदलतो. असा बदल कागदावर कुणी योजला नसता. कामाच्या कपड्यांच्या क्विल्टमध्ये डेनिमच्या विटलेल्या निळ्यावर मध्येच गडद निळे चौकोन दिसतात. तिथे खिसे होते. खिसा उसवून काढल्यावर त्याखाली उन्हापाण्यापासून वाचलेला मूळ रंग उघडा पडला आणि शिवणारीने तो तसाच ठेवला. मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांच्याच कामाच्या कपड्यांतून शिवलेले एक क्विल्ट प्रसिद्ध आहे. मिझूरींना ते अंगावर घेऊन पतीची आठवण ठेवायची होती, असे त्यांच्या मुलीने, आर्लोन्झिया पेटवे यांनी, पुढे सांगितले.

प्रदर्शनानंतर या कामाची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी फार झाली. ती तुलना गौरवाची होती हे खरे, परंतु मला तीत काहीतरी निसटल्यासारखे वाटते, कारण चित्रकाराला हवा तो रंग मिसळून घेता येतो आणि इथे जे कापड विटले ते कसे विटले यावर सगळे अवलंबून होते. मला त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त शिकवून जाते. १९६६ मध्ये शेजारच्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली आणि मोठ्या दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या. त्या मागण्यांसाठी ठरीव नमुने आणि अचूक मापे लागत, आणि तिथल्या स्त्रिया ती बिनतक्रार पाळत. १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले जाऊ लागले, तेव्हा उरलेले कॉर्डरॉय घरोघरी आले, आणि त्याच स्त्रियांनी त्यातून स्वतःसाठी अगदी मोकळी, कुठलेही माप न पाळणारी क्विल्ट केली. सोनेरी, तपकिरी, लाल, अशा त्या दोऱ्यादोऱ्यांच्या जाड कापडाने आकार आपोआप मोठे आणि ठाशीव केले, कारण जाड कापडाचे बारीक तुकडे जोडताच येत नाहीत. न मोजता शिवणारे हात मोजून शिवण्यातही तरबेज होते, हे लक्षात घेतले की ‘आम्हाला सरळ शिवता येत नाही म्हणून आम्ही इम्प्रोव्ह करतो’ हे अधूनमधून कानावर येणारे वाक्य किती फसवे आहे ते कळते.

आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ या पद्धतीची मावशी म्हणावी, आई नव्हे. दोन्हींत जुने कापड असते आणि दोन्हींत आधी आराखडा नसतो, पण बांधणी वेगळी आहे. ब्लॉकमध्ये तुकडा तुकड्याला जोडला जातो आणि त्यातून नवे कापड तयार होते. मग त्याला थर आणि अस्तर लागते. गोधडीत आधी जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरले जातात, वरच्या थरावर ठिगळे मांडली जातात आणि कडेपासून आत आत फिरत जाणारा धावदोरा सगळ्यांना एकदमच धरतो. ठिगळे एकमेकांना शिवलेलीच नसतात. ती सगळी खालच्या लुगड्याला शिवलेली असतात. त्यामुळे तिथे कड सरळ करण्याची सक्ती नाही, तुकडा कसाही असो, कड आत मुडपली की झाले, आणि उरेबेत कापलेल्या तुकड्यालाही खालच्या कापडाचा आधार मिळतो.

हीच बांधणी उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतले सिद्दी लोक कवंद नावाच्या आपल्या गोधड्यांत आणखी पुढे नेतात. आफ्रिकी वंशाच्या या समाजाच्या बोलीत कोकणी, कन्नड आणि मराठी यांची सरमिसळ आहे. तिथल्या स्त्रिया एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि तुकडे मांडत, मुडपत, धावदोऱ्याने पक्के करत कडेकडेने फिरत मध्याकडे जातात. म्हणजे ब्लॉक मधून बाहेर वाढतो आणि कवंद बाहेरून आत भरत येते. पूर्ण झाल्यावर चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुले लावतात, आणि त्यांच्याशिवाय कवंद पुरी झाली असे मानत नाहीत. बाहेरून आत येणाऱ्या कामाला एक शिस्त आपसूक लागते, कारण पांघरुणाचे माप पहिल्याच फेरीत ठरून जाते आणि नंतर फक्त आतली जागा भरायची उरते. ब्लॉक करणाऱ्याला ही सोय नाही. थांबायचे केव्हा हे त्याला स्वतःच ठरवावे लागते.

त्यासाठी शेवटचे माप. मी साडेसहा इंचांची पारदर्शक चौकोनी मोजपट्टी वापरते, म्हणजे पाव पाव इंच शिलाईत गेल्यावर पांघरुणात ब्लॉक सहा इंचांचा दिसतो. सहा ब्लॉकांच्या आठ ओळी केल्या की ३६ बाय ४८ इंचांचे बाळाचे दुपटे होते, आणि हा आकार सुरुवात करणाऱ्यांना पेलतो. कापड साडेसहाहून निदान अर्धा-पाऊण इंच मोठे झाल्याशिवाय पट्टी ठेवायची नाही. ठेवल्यावर ती ब्लॉकच्या कडांशी समांतर ठेवण्याची घाई करू नये. पट्टी थोडी फिरवून, सरकवून पाहावी. मधला तुकडा मधून हलवून कोपऱ्याकडे नेला तर काय होते, तिरप्या शिवणी बरोबर कोपऱ्यातून बाहेर पडतात का, कडेला एखादा तुकडा नखाएवढाच उरतो आहे का, हे सगळे पट्टीखालून दिसते. नखाएवढा तुकडा कडेला राहू देऊ नये, कारण पाव इंच शिलाईत गेल्यावर त्याचा एक कण तेवढा शिल्लक राहतो. या घटकाभराच्या सरकवासरकवीत जेवढा ब्लॉक घडतो तेवढा मशीनवर घडत नाही, असे माझे मत होत चालले आहे.

कापल्यावर ब्लॉकच्या चारही कडांना धागे वेगवेगळ्या दिशांनी आलेले असतात, कुठे उभा, कुठे आडवा, कुठे उरेब. आणि उरेबेतली कड नुसत्या हाताळण्यानेही लांबते. म्हणून कापलेल्या ब्लॉकला लगेच कडेपासून अष्टमांश इंचावर मोठ्या टाक्याची एक शिलाई घालून ठेवावी, ती पुढे जोडणीच्या शिवणीत लपते. ज्यांना तुकडे फार पातळ किंवा फार उरेब वाटत असतील त्यांनी धुतलेल्या मलमलीच्या चौकोनावरच ब्लॉक बांधावा. तुकडे जोडताना सुई खालच्या मलमलीतूनही जाते आणि ती ताण धरून ठेवते. पांघरूण थोडे जड होते, पण खण आणि रुबिया एकत्र घ्यायच्या असतील तर मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

ब्लॉक जमले की ते लगेच जोडू नयेत, पलंगावर मांडावेत. इथे तिसरे बंधन उपयोगी पडते: अगदी पहिल्या ब्लॉकपासून एक कापड असे निवडायचे की ज्याचा लहानसा का होईना तुकडा प्रत्येक ब्लॉकमध्ये येईल. माझ्याकडे सध्या ते काम एका विरलेल्या निळ्या चौकडीच्या शर्टाकडे आहे. तेवढा धागा असला की बाकीच्या पन्नास प्रकारच्या कापडांना एकत्र नांदायला कारण मिळते. दाट ब्लॉकांशेजारी मोकळे ब्लॉक ठेवावेत, आणि सगळेच दाट झाले असतील तर ओळींच्या मध्ये मांजरपाटाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या घालाव्यात. पट्ट्या घातल्या की प्रत्येक ब्लॉक वेगळा वाचता येतो. न घातल्या तर ब्लॉकांच्या सीमा पुसल्या जाऊन सगळ्याचे एकसंध कापड होते. बाळाच्या दुपट्याला मी पट्ट्या घालते, मोठ्या पांघरुणाला घालत नाही.

थर भरताना बाजारातल्या जाड बॅटिंगऐवजी (आत घालायच्या भरावाच्या थराऐवजी) मी आत धुवून मऊ झालेली एक सुती साडी दुहेरी घालते, कारण पुण्याच्या हवेला त्याहून अधिक ऊब लागत नाही आणि इतक्या शिवणी असलेला वरचा थर आधीच जड असतो. वरून धावदोरा हातानेच घालावा, कडेपासून आत, गोधडीसारखा. मशीनची क्विल्टिंग शिलाई शिवणींच्या जाड सांध्यांवर अडखळते, आणि हाताने घालताना सुई सांध्याच्या अलीकडे वर काढून पलीकडे खाली घालता येते. सुई लांब पण बारीक नेढ्याची घ्यावी. दाभणाने रुबियाला भोके पडतात. धावदोऱ्याच्या ओळींत बोटभर अंतर पुरे, त्याहून दाट केले तर तुकड्यांचे आकार टाक्यांखाली हरवतात. कडेला उरेब पट्टीचा गोट बसवावा, आणि त्यासाठीही कातरणातलेच तुकडे तिरपे जोडून लांब पट्टी करता येते. पहिली दोन धुणी मात्र थंड पाण्यात, वेगळी, आणि उन्हात न टाकता सावलीत वाळवून काढावीत; कितीही पारखून घेतले तरी एखादी बांधणी शेवटपर्यंत आपला रंग राखून बसलेली असते.